निळगडच्या राणीचे बारा चेहरे

दुपारची झोप ही चैन नव्हे, हक्क आहे, असं भालचंद्र पोवारचं मत आहे, आणि सदुसष्टाव्या वर्षी मतं बदलायला त्याला सवड नाही. भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर तांब्याभर ताक पोटात गेलं की तो आपल्या छपाईच्या कारखान्याच्या माडीवर चढतो, शाईच्या डब्यांमधे चटई टाकतो आणि आडवा होतो. आजही झाला आहे. फक्त आज त्याच्या डोक्यावरून एक दोरी गेली आहे आणि त्या दोरीला चिमट्यांनी लावलेल्या बारा बायका वाळत पडल्या आहेत.

बारा म्हणजे एकच बाई, बारा वेळा. कुठं गाल गुलाबी आणि केस पिवळे, कुठं ओठ हिरवे आणि कपाळ निळं. भालचंद्रची मुलगी वृषाली मुंबईला चित्रकला शिकून कोल्हापुरात परत आली, तिनं बापाला सांगितलं की ह्याला पॉप आर्ट म्हणतात. बापानं उभा जन्म लग्नपत्रिका आणि गुळाच्या खोक्यांवरची लेबलं छापलेली. तो म्हणाला, "रंगपंचमीला बाईनं तोंड धुतलं न्हाई, तर ती कला झाली व्हय?" पण छापायला लागल्यावर मात्र गडी असा रंगला की चहा गार व्हायचा. जाळी ताणलेली चौकट कागदावर ठेवायची, वर शाई ओतायची, रबरी पट्टी दोन्ही हातांनी धरून एका दमात स्वतःकडे ओढायची. जाळी जिथं उघडी तिथं शाई खाली उतरते. एका रंगाला एक हात, अशा चार हातांत एक चेहरा तयार. शेवटचा हात काळा, फोटोतले डोळे-ओठ त्यातच उतरतात.

उद्या प्रदर्शन आहे. नाव 'राजे आणि तारे'. संस्थानिक, पैलवान, नट, गायिका, सगळ्यांचे असे भडक चेहरे भिंतीभर लागणार. पण मधली मोठी भिंत हिची, कारण ही एकटीच दोन्ही होती. आधी पडद्यावरची मधुश्री, मग निळगड संस्थानच्या युवराजांशी लग्न करून राणीसरकार. एकोणतिसाव्या वर्षी राजवाड्याच्या जिन्यावरून पाय घसरून वारली, असं तेव्हा पेपरात आलं होतं. ते युवराज आता ऐंशीच्या पुढचे सरकार आहेत. उद्या फीत तेच कापणार आणि बाराही चित्रं राजवाड्यात लावायला नेणार. आणि आज पाच वाजता त्यांचे मॅनेजर खाडे येऊन, जिच्यावरून ही चित्रं काढली ती मूळ निगेटिव्ह घेऊन जाणार. आठवण म्हणून सरकारांना ती जवळ हवी आहे.

निगेटिव्ह खाली टेबलाच्या खणात आहे. छपाईत पडण्याआधी भालचंद्र फोटो स्टुडिओत कामाला होता, तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं त्यानं ती सांभाळली आहे. हो म्हणून बसला खरा, पण तेव्हापासून दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हणून तर आज एक भाकरी जास्त खाल्ली.

पंखा कुरकुरतो. दोरी हलते. एक डोळा मिटतो, दुसरा जरा रेंगाळतो आणि तोही मिटतो. शाईचा वास जड होत जातो आणि त्या वासातच कुठंतरी पट्टी ओढल्याचा आवाज येतो. खर्रर. थोडं थांबून परत खर्रर.

"वृषाली, असू दे गं, पाचाला अजून वेळ हाय," तो म्हणतो. म्हणजे म्हटलं असं त्याला वाटतं.

"वृषाली न्हाई."

टेबलापाशी एक बाई उभी आहे. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, पट्टी दोन्ही हातांत. साधं सुती पातळ, निळ्या बुट्ट्यांचं. ते पातळ भालचंद्र ओळखतो. चेहरा ओळखायला मात्र त्याला वेळ लागतो, कारण तो कुठल्याच चित्रातल्यासारखा नाही. डावा डोळा सुजून मिटला आहे. खालचा ओठ फाटला आहे. गळ्यावर डाग आहेत.

भालचंद्र धडपडून उठतो आणि हात जोडतो. "राणीसरकार..."

तोंडात शब्द आहे तोवर पट्टीचा लाकडी दांडा त्याच्या गालफडावर बसतो. स्वप्नात लागत नाही म्हणणाऱ्यांनी हा फटका खाऊन बघावा. त्याचे दात वाजतात, तोंडात खारट चव येते.

"बाई म्हण," ती म्हणते. "शिनेमाच्या कंपनीत समदी बाई म्हणायची. फोटो पोचवाया यायचास तवा तूबी म्हणायचास."

"बाई."

"आता बराबर. ये हिकडं. हात लाव."

तो जातो. न जाऊन सांगतो कुणाला! टेबलावर चौकट मांडलेली आहे आणि शाई ओतून तयार आहे. ती त्याच्या हातात पट्टी देते आणि स्वतः चौकटीच्या पलीकडे जाऊन त्याच्यासमोर उभी राहते.

"बारा का रे काढल्यास?"

"पोरीची कल्पना, बाई. एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढायचा. म्हणजे म्हणं, बघणाऱ्याला..."

"बघणाऱ्याचं सोड. तू बारा येळा काढलास. एकदा तरी बघितलास?"

भालचंद्र हातातल्या पट्टीकडे बघतो. ती म्हणते, "ओढ."

तो पट्टी ओढतो. पिवळी शाई जाळीतून खाली उतरते, आणि त्याच क्षणी समोर तिचं डोकं फाटकन एका बाजूला जातं. कुणी मारलं ते दिसत नाही. खोलीत तिसरं माणूस नाही. भालचंद्रच्या हातात फक्त पट्टी आहे, पण दणका त्याच्या मनगटापर्यंत पोचला आहे, ओल्या कापसाच्या गादीवर बसावा तसा.

"हा पैला," ती मान सरळ करत म्हणते. "पंगतीत मी मोठ्यानं हासले म्हणून. त्यांच्यात बायका मोठ्यानं हासत न्हाईत. मला कोण सांगणार? पडद्यावर हासायचे मला पैसं मिळायचं. ओढ."

"न्हाई बाई."

"ओढ म्हंते न्हवं!"

त्याला ओढायचं नाही. हात ओढतात. पट्टी बोटांना चिकटली आहे, सुटता सुटत नाही. गुलाबी रंग पसरतो आणि ती मागं फेकली जाते. तिची पाठ भिंतीवर आदळते, आणि भिंत कारखान्याची नाही, पांढऱ्या दगडाची आहे. उंच छत, हरणाची मुंडकी, खाली गालिचा. शाईचे डबे तसेच गालिच्यावर मांडलेले आहेत. ती भिंतीला धरून उठते. दाराशी पाठमोरा एक उंच माणूस उभा आहे आणि तो सावकाश आपले कफ सोडवून बाह्या वर करतो आहे. घाई नाही. जेवायला बसायच्या आधी करतात तसं.

"ह्यो कशाबद्दल सांगू? एका पिक्चरला हो म्हणाले होते. एकच. म्हटलं, धा दिवसांचं काम हाय, जाऊन येते. ओढ."

निळ्या रंगाच्या वेळी ती पडते ती पोटावर. उंच माणसाचा बूट मागं जातो आणि पुढं येतो. भालचंद्र ओरडतो, पण तोंडातून खर्रर असा पट्टीचाच आवाज निघतो. ती पोट धरून गालिच्यावर वळते. तिच्या पातळावर खालून लाल पसरत येतं.

"तिसरा म्हैना होता," ती जमिनीवरूनच सांगते. आवाज अगदी साधा, बाजारात भाव सांगावा तसा. "डागदरला सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. मीच सांगितलं बरं का. माझ्याच तोंडानं. मला अ‍ॅक्टिंग येत होती की."

भालचंद्र रडतो आहे. त्याला लाज वाटते, पण रडू थांबत नाही. "बाई, बास करा. मी न्हाई मारलं तुमास्नी."

"तू न्हाई मारलंस." ती उठून बसते. तोंडावरचं रक्त पदरानं टिपते आणि वर दोरीकडे बघते. राजवाड्याच्या दिवाणखान्यात, हरणांच्या मुंडक्यांखाली, तिचे बारा चेहरे वाळताहेत. "पर रंग झ्याक निवडल्यात बापलेकींनी. मारलेल्या अंगाला हेच येत्यात. आधी लाल, मंग निळं, मंग काळं. चार दिसांनी हिरवं, आन जाता जाता पिवळं. तुमास्नी कुणी सांगितलं?"

भालचंद्र वर बघतो. महिनाभर त्यानं हे रंग स्वतःच्या हातांनी घोटले आहेत. गालावर निळा, डोळ्याखाली जांभळट, हनुवटीला हिरवा. वृषालीनं किती कौतुकानं निवडले होते. आता त्याला दोरीवर एकही नटी दिसत नाही. तुडवलेल्या बाईच्या अंगाचे सहा-सात दिवस तेवढे दिसतात.

"चौथा ऱ्हायला," ती म्हणते. "काळा."

"तो मी ओढणार न्हाई."

"बरं. मंग आधी चल, फोटो काढून येऊ."

आणि ते देशिंगकरांच्या फोटो स्टुडिओत आहेत. जिना चढावा लागत नाही, दार उघडावं लागत नाही. भालचंद्र बावीस वर्षांचा आहे, काचेच्या टेबलापाशी बसला आहे, टेबलाखाली दिवा, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवरचे चेहरे साफ करणं हे त्याचं काम. मुरूम, देवीचे वण, डोळ्याखालची वर्तुळं, सगळं जायचं. निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं, म्हणून चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं मोकळा, उजळ दिसतो. तेवढी मोकळी जागा पेन्सिलीच्या बारीक बारीक टिंबांनी भरली, की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा. त्या कामात भालचंद्रचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. मालक नाना देशिंगकरांचा नियमच होता, की चेहरा आला तसा परत जाता कामा नये. ज्याचा त्याचा चेहरा त्याला हवा तसा करून द्यायचा, आणि तेही न विचारता. विचारणं म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचा डाग दाखवणं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नाना म्हणायचे.

पलीकडच्या खोलीत बाई त्याच निळ्या बुट्ट्यांच्या पातळात स्टुलावर बसल्या आहेत. काळं कापड डोक्यावर घेतलेल्या नानांना त्या सांगताहेत, "असाच काढा. पावडर नको. पडदा नको. हाय तसाच."

"असाच काढतो, राणीसरकार," नाना म्हणतात. आणि ते खोटं बोलत नाहीत. फोटो असाच काढला जातो. दिव्याखाली आलेली निगेटिव्हही अशीच असते. पुढचं सांगायचं नानांना सुचतच नाही, कारण पुढचं काम न सांगता होतं. त्या स्टुडिओत ते श्वास घेण्यासारखं होतं.

ती आता भालचंद्रच्या खांद्यामागं उभी आहे. तिच्या ओठातून एक थेंब काचेच्या टेबलावर पडतो आणि खालच्या दिव्यानं लाल चमकतो.

"किती दिस लागलं तुला?"

"तीन."

"लई मन लावून केलंस."

"व्हय बाई. एवढं बारीक काम मी पुन्हा कधी केलं न्हाई." आणि सांगता सांगता त्याच्या आवाजात पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा अभिमान डोकावतो. तो त्यालाच ऐकू येतो आणि स्वतःचीच किळस येते.

"ते पाकीट घिऊन मी वकिलाकडं गेले," ती सांगते. "आत बसून म्हटलं, वकीलसाहेब, पुरावा आणलाय. मारलेलं समदं फोटोत हाय. डाग आता पिवळं पडल्यात, म्हणून तवाच काढून ठेवला. त्यांनी पाकीट फोडलं. फोटो बघितला. मला म्हणाले, बाई, ह्यात तर तुम्ही लग्नाला निघाल्यासारख्या दिसताय."

भालचंद्र पेन्सिल खाली ठेवतो. हे त्याला माहीत नव्हतं. फोटो कशासाठी होता ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाई गेल्याचं ऐकून आपण तिचा शेवटचा फोटो किती सुरेख करून दिला ह्याचं त्यानं चार ठिकाणी कौतुक करून घेतलं होतं.

"बाहीर ड्रायव्हर थांबलावता. त्यानं वाड्यावर जाऊन सांगितलं, वकिलाकडं गेलत्या. मंग जिना." ती वाकून त्याच्या तोंडासमोर येते. "मला येक सांग भालू. खरं सांग. गळ्यावरचं डाग कशाचं हाईत, कळलं हुतं तुला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पोरसवदा होतो, कामाचा रेटा होता, डाग म्हणजे डाग, असं काहीही. बायकोला, पोरीला, स्वतःला तो आजवर हेच सांगत आला आहे. पण स्टुडिओच्या भिंती एकेक करून विझत चालल्या आहेत आणि पायाखाली पांढऱ्या दगडाची पायरी लागते आहे. खाली बघितलं तर जिना खोल, आणि खालचं काही दिसत नाही.

"कळलं हुतं," तो म्हणतो.

"कशाचं?"

"बोटांचं."

"मोजलीवतीस?"

"मोजली हुती. डाव्या अंगाला चार. उजव्या अंगाला अंगठा."

"आन तरी भरलंस."

"मला वाटलं, राणीसरकारांची अब्रू..." त्याला माहीत आहे की ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की राजवाड्याचं काम होतं आणि त्याला भीती वाटली. आणि त्याच्याही खालचं असं, की डाग अवघड होते आणि त्याला ते आपल्याला जमतात का ते बघायचं होतं.

ती हसते. मोठ्यानं, जसं त्या घरात हसायचं नसतं तसं. जिन्यावर खालून वर सगळीकडे ते हसू आपटत जातं. मग तिचा हात येतो. नटीचा हात नव्हे, लहानपणी गडहिंग्लजच्या बाजूला ऊस तोडलेल्या बाईचा. तो त्याच्या गळ्याभोवती बसतो आणि आवळतो.

"मोज."

"बाई..."

"मोज, भालू. तुला मोजाया येतंय."

"एक," तो म्हणतो. श्वास अर्ध्यात तुटतो. "दोन." पाय पायरीवरून सुटले आहेत, टाचा हवेत आहेत. डोळ्यांपुढं पिवळं येतं, मग गुलाबी. वर कुठंतरी दोरी तुटते आणि बारा चेहरे एकामागून एक जिन्यावरून गडगडत खाली जातात. प्रत्येक पायरीवर हाड मोडल्याचा आवाज. "तीन." त्याची नखं तिच्या मनगटात रुततात, तिची पकड ढिली होत नाही. "चार." आता निळं. आता काळं येतंय, चौथा रंग, आणि तो त्यानं ओढलेला नाही, तरी येतोय. अंगठा त्याच्या नरड्याच्या घाटीवर आहे. पाच म्हणायला त्याच्याकडे हवा उरलेली नाही.

तिचं तोंड त्याच्या कानाशी येतं. सुजलेला डोळा, फाटका ओठ, जवळून तापल्यासारखी ऊब.

"पेन्सिल पुसाया येती?"

तो मान हलवायचा प्रयत्न करतो. येते. कुणीही सांगेल. टर्पेंटाईनचा एक बोळा फिरवला की सगळी पेन्सिल निघते आणि खालचं जे आहे ते जसंच्या तसं असतं.

"मंग पंचेचाळीस वर्सं काय करत हुतास?"

ती त्याला सोडते. तो पडतो.

"बाबा! बाबा, उठा. खाडे आलेत."

भालचंद्र चटईवर आहे. वृषाली दाराशी उभी आहे. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं आहे, पंखा कुरकुरतो आहे, दोरी शाबूत आहे आणि बारा चेहरे चिमट्यांना धरून शांत हलताहेत. तो उठून बसतो. घोट गिळायला जातो आणि गिळता येत नाही.

"हे काय?" वृषाली जवळ येते आणि गुडघ्यावर बसते. "बाबा, मानेला काय झालं?"

कोपऱ्यातल्या बेसिनवर लहानसा आरसा आहे. भालचंद्र जाऊन बघतो. गळ्याच्या डाव्या अंगाला चार डाग आहेत, लालसर, कडेनं निळे पडत चाललेले. उजव्या अंगाला एक, जरा रुंद. तो हात लावतो. दुखतं. शाई असेल म्हणून ओल्या फडक्यानं घासतो. शाई नाही.

"असं कशानं होईल? चटईची कड रुतली का?" वृषाली घाबरली आहे आणि घाबरली की ती कामाला लागते. पर्समधून पावडरचा डबा काढते. "थांबा, हे लावते. उद्या फोटोवाले येणार, सरकारांच्या शेजारी तुम्हालाच उभं करणार ते. दिसायला नको."

पावडर लावलेला तिचा हात गळ्याशी येतो. भालचंद्र तो धरतो आणि हळूच बाजूला करतो. "नको," एवढंच म्हणतो.

तो खाली येतो. खाडे खुर्चीत बसले आहेत. पांढरा सदरा, मांडीवर चामडी पिशवी, चेहरा पाहुण्यासारखा हसरा. "या या, भालूअण्णा. झोपमोड केली तुमची. सरकार म्हणाले, पाच म्हणजे पाच. ती निगेटिव्ह तेवढी द्या, मी निघतो. चित्रं उद्या..." आणि त्यांची नजर गळ्यावर जाते. "अरे बापरे! हे काय हो? पडलात की काय कुठं?"

पडलो. किती सोपा शब्द आहे. गुळगुळीत, कुणालाही पटणारा. तो तोंडात आधीच तयार असतो, नुसती जीभ हलवायची. भालचंद्रला पहिल्यांदा कळतं की हा शब्द बाईंनी किती वेळा असाच तोंडात धरला असेल.

"न्हाई," तो म्हणतो. आवाज घोगरा निघतो. "कुणी पडत न्हाई असं. गळा दाबल्यावर होतंय हे."

खाडे हसायचं की नाही ह्या विचारात पडतात. भालचंद्र टेबलाचा खण उघडतो, पाकिटातून निगेटिव्ह काढतो. शेल्फवरची टर्पेंटाईनची बाटली घेतो, कापसाचा बोळा बुडवतो. निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावून धरतो आणि गळ्यावरून बोळा फिरवतो. एकदा, दोनदा. कापूस शिशानं काळा होतो. वृषाली जिन्यावरून उतरता उतरता थांबते.

पेन्सिल निघते. मावळतीचं ऊन फिल्ममधून आत येतं, आणि राणीच्या गळ्यावर एक उजळ ठिपका उघडतो. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा, मग चौथा. खाडेही आता खुर्चीतून उठून बघताहेत, आणि त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

"वृषाली," भालचंद्र वळून न बघता म्हणतो, "चित्रं उतरव. काळा रंग पुन्हा छापायचाय, आता ह्या निगेटिव्हवरनं. बाराच्या बारांवर."

निगेटिव्ह घ्यायला खाड्यांनी उजवा हात पुढे केलेला असतो. ते त्या हाताकडे बघतात, काचेवरच्या चार ठिपक्यांकडे बघतात, आणि हात मागे घेऊन खिशात घालतात.